जाऊबाईची लाथ

"राष्ट्र आपल्या सैनिकाला कधीही विसरत नाही," अपील मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, आणि समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघून त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना हळूच विचारलं, "हे कोण?"

"खेचरवाले," डॉक्टर म्हणाले. "डावा खुबा. खालच्या मंडळानं दावा फेटाळला, म्हणून अपिलात आलेत."

म्हातारा सैन्यात खेचरांच्या तुकडीत होता. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे खेचर जातं, आणि जिथे खेचरही जायला तयार नसतं तिथे त्याला खेचरवाल्यानं न्यायचं असतं. अशाच एका चढावर त्याला लाथ बसली. हाड तेव्हा कसंबसं सांधलं होतं; आता खुबा पार झिजला होता. दुखणं 'सेवेमुळे' ठरलं तर लष्करी इस्पितळ खुबा बदलून देणार होतं. 'सेवेत, पण सेवेमुळे नव्हे' असं ठरलं, तर आहे तोच शेवटपर्यंत वापरायचा होता. ह्या मंडळाच्या निकालावर पुढे अपील नव्हतं.

अध्यक्षांनी खालच्या मंडळाचा निकाल वाचून दाखवला. "अर्जदारास त्याच्या जाऊबाईने लाथ मारली. सबब सदर इजा कौटुंबिक कलहातून उद्भवली असून तिचा सैन्यसेवेशी संबंध नाही." त्यांनी चष्मा काढला. "घरातली भांडणं सैन्याच्या गळ्यात कशी मारता येतील?"

"जाऊबाई हे खेचराचं नाव होतं, साहेब."

"खेचराचं?"

"तेव्हा घरून बायकोची पत्रं यायची. त्यात सगळं जाऊबाईंचंच असायचं. काम सांगितलं की पाठ फिरवून उभी, आणि चारचौघांत कौतुक मात्र तिचंच. आमच्या एका खेचराशी स्वभाव तंतोतंत जुळला."

म्हाताऱ्याची बायको मागे पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आणि साहेब, पुरुषाला जाऊ नसतेच मुळी. जाऊ बाईला असते. ह्यांची ती वहिनी झाली असती. एवढं कुणाच्याच डोक्यात आलं नाही? खालचं मंडळ सगळं बिनलग्नाचं होतं का?"

डॉक्टर खोकले. अध्यक्षांनी शांतपणे लिहून घेतलं: पुरुषाला जाऊ नसते, हे मंडळास मान्य. एक गुंता कायमचा सोडवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

"आता एवढंच बघायचं, की खेचरानं लाथ कुठल्या भावनेनं मारली. तुमचे आणि तिचे संबंध कसे होते?"

"चांगले होते."

"चांगले असताना लाथ? म्हणजे थट्टामस्करीत बसली. थट्टामस्करी सेवेत येत नाही."

"तसे अगदीच चांगले नव्हते," खेचरवाला घाईनं म्हणाला.

"अरेरे. म्हणजे वैयक्तिक आकस." अध्यक्ष मनापासून हळहळले. "तोही येत नाही."

"तिच्या पाठीवर दारूगोळा होता, साहेब. सैन्याचा."

"पाठीवर होता. लाथ पायानं मारली."

म्हाताऱ्यानं टेबलाच्या कडेला हात टेकवून सगळा भार उजव्या पायावर घेतला. मागे खुर्ची होती. पण बसायचं म्हणजे पुन्हा उठायचं आलं.

बायकोचा आवाज चढला. "त्याच लाथेत तिचा खूर दुखावला, तो मात्र सेवेमुळे धरला. तिला भरचाऱ्याची रजा दिली. अहो, खूर आपटला कशावर? ह्यांच्याच खुब्यावर ना?"

"तो निकाल पशुवैद्यक विभागाचा, बाई," डॉक्टर म्हणाले. "त्यांची कामं पटापट निघतात. त्यांचे अर्जदार बोलत नाहीत."

"हे तरी कुठे बोलतात? मीच बोलतेय."

अध्यक्षांनी हात वर केला. "मंडळाची सहानुभूती तुमच्याच बाजूला आहे. पण दुसरी बाजू ऐकून न घेता निकाल देणं न्यायाला धरून नाही. खेचर हयात आहे?"

"नाही हो. केव्हाच गेली."

"मग वारसांना नोटीस काढू."

"खेचराला वारस नसतात," म्हातारा अदबीनं म्हणाला. "त्यांना पोरंबाळं होत नाहीत."

अध्यक्षांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"माझा विषय कान, नाक, घसा," डॉक्टर म्हणाले.

"ठीक आहे. वारस नसल्याचा दाखला आणा. पुढची तारीख देऊ."

"खेचराचा? तो कोण देतं?" बायकोनं विचारलं.

"ते पुढच्या तारखेला ठरवता येईल."

"आणि तोवर ह्यांनी काय करायचं?"

"धीर धरायचा. सैनिकाला ते काय शिकवायचं?"

"धीर ते धरतील हो. हाड धरत नाहीये."

अध्यक्षांनी फाईल मिटली. मग त्यांचा सूर एकदम घरगुती झाला. "बाबा, तुम्हाला आणखी काही म्हणायचंय? अगदी मोकळेपणानं सांगा. हे मंडळ तुमच्यासाठीच आहे."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. बायको पिशवी खांद्याला लावून उठली होती आणि त्याला धरायला तिनं कोपर पुढे केलं होतं. त्यानं ते धरलं.

"एकच विनंती होती, साहेब," तो म्हणाला. "पुढची तारीख तळमजल्यावर मिळेल का?"