उचलून आणलेला पाऊस

"हा पाऊस तिथे पडलाच नाही, पद्मिनीबाई!" सबनीससाहेबांनी नकाशावर बोट आपटलं. "कशाच्या जोरावर एवढी मोठी मोरी मागताय?"

बोट होतं शहराबाहेरच्या बख्शी का तालाब या गावाच्या पलीकडे. तिथे रेल्वेचा नवा भराव नाल्याला आडवा जाणार होता. वरच्या अंगाला वस्ती. भरावाखालची मोरी लहान पडली तर तुंबलेलं पाणी सरळ लोकांच्या घरात शिरणार, हे कळायला इंजिनीअर कशाला लागतो?

"पडला नाही असं नाही, सर. मोजला नाही. तिथे पर्जन्यमापकच नाही."

"अच्छा! मग नोंद नाही म्हणजे नाही. शहरातल्या पावसाचा आकडा घ्या, मोरी लहान करा, सही करा. अहो, परमुलखात आपण दोन मराठी माणसं, माझं एवढं ऐकायला काय होतं?"

वा! सहीच्या वेळी बरं मराठीपण आठवलं. पद्मिनी मनातून उसळलीच. तिने ट्रेसिंग पेपर पुढे ओढला. शेजारच्या जिल्ह्यात कोसळलेल्या पावसाच्या गोल गोल रेषा त्यावर होत्या. जिथे मोजमाप नाही, तिथे तशाच मुलखातला पाऊस असा उचलून आणायचा आणि नकाशावर ठेवून बघायचा, हीच तर पद्धत. तिने कागद नाल्यावर ठेवला. वस्ती बरोबर मधल्या, सगळ्यात जास्त पावसाच्या गोलात आली.

"तिथे आलेल्या ढगाला इथे यायला कुणाची परवानगी लागते, सर?"

"हटवा तो कागद. नाहीतर तुमच्या बदलीचं बघतो."

"खुशाल बघा. लहान मोरीवर माझी सही मिळायची नाही." तिचा आवाज चढला होता. चढू दे! "आणि हटवून ठेवू कुठे? विकास नगरवर ठेवू? तुमचं नवं घर तिथेच ना?"

तिने कागद खाली सरकवायला सुरुवात केली. मधला गोल कॉलनीच्या जवळ येऊ लागला.

साहेबांचा हात झटकन कागदावर पडला.

"अहो, तिथे नको!"

हात त्यांनी लगेच मागे घेतला, पण बोलून गेले ते गेलेच.

पद्मिनीने कागद पुन्हा नाल्यावर नेला आणि चारी कोपऱ्यांना टाचण्या टोचल्या. मग मोठ्या मोरीच्या आराखड्यावर ठसठशीत सही केली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"आता तुमची, सर."