बुंब्विनीचा पाहुणा

नासोरने म्हाताऱ्याला टॅक्सीतून ओढून बाहेर काढलं आणि समुद्राकाठच्या कठड्यावर आदळलं. म्हाताऱ्याच्या गळ्यातला कॅमेरा दगडावर आपटून फुटला. पहिला ठोसा तोंडावर बसला. दुसरा बरगडीत.

मासळीबाजारातून परतणारे दोन कोळी थांबले.

"नासोर, पाहुण्याला असं बडवतात होय?" एकजण हसत म्हणाला. "उद्यापासून मत्रह बंदराला पाहुण्यांचं एक जहाज लागायचं नाही."

नासोरने वळून पाहिलं. त्याचा चेहरा दिसला तसं त्यांचं हसणं थांबलं. जवळ मात्र कोणी आलं नाही.

दहा मिनिटांपूर्वी हा म्हातारा त्याचं आवडतं गिऱ्हाईक होता. झांझिबारहून सहा दिवसांसाठी मस्कत बघायला आलेला. सकाळपासून नासोर त्याला फिरवत होता. राजवाडा, किल्ले, बाजार. आपल्या जन्मगावची स्वाहिली बोलणारा पाहुणा रोज भेटत नाही. नासोरने त्याला आग्रह करकरून हलवा खायला लावला, वर दोन कप कहवा पाजला. मग पुन्हा गाडीत बसल्यावर म्हातारा अडखळत म्हणाला, "सकाळपासून विचारीन म्हणतोय. तीन दिवस सगळ्या टॅक्सीवाल्यांना विचारून झालं. आमच्या बुंब्विनी गावात खलफान म्हणून दुकानदार होते. त्यांची बायको झुवेना. चौसष्ट साली इकडं आली म्हणतात. कुठं राहते, काही कल्पना?"

नासोरने आरशात पाहिलं. उकाड्यानं म्हाताऱ्यानं कानांवर ओढलेली टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्याचा डावा कान अर्धाच होता.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"मी मकामे. त्यांच्याकडे नारळ काढायला होतो."

एकोणचाळीस वर्षं नासोरने हे नाव उराशी धरलं होतं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. झांझिबारात अरब राजवटीविरुद्ध उठाव झाला होता आणि बुंब्विनीत भर दुपारी अरबांची घरं पेटत होती. आईनं त्याचं तोंड छातीशी घट्ट दाबून धरलं होतं. त्याला काही दिसत नव्हतं. नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. तिची पकड सुटली तेव्हा बाप जमिनीवर पडला होता. चार वर्षांची रया भिंतीपाशी पडली होती. मधोमध मकामे उभा होता. त्याच्या हातातला कोयता रक्तानं भरला होता, तुटलेल्या कानातून रक्त गळत होतं. त्या दुपारबद्दल आईनं पुढं कधी तोंड उघडलं नाही. दर वर्षी ती दोघांच्या नावानं कुराण वाचून घ्यायची, एवढंच. मकामे सापडला तर काय करायचं, हे नासोरने मिशी फुटायच्या आत ठरवून टाकलं होतं.

आता तो सापडला होता आणि हातसुद्धा उचलत नव्हता. कठड्याला पाठ लावून तो मार खात होता. ओठ फाटला, एक दात पडला. नासोरने त्याचा गळा धरला आणि त्याला कठड्यावरून मागे वाकवलं. खाली खडक होते.

"माझ्या बापाला तू मारलंस."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे तू नासोर," तो म्हणाला. "जगलास म्हणायचं." मग मान हलवून म्हणाला, "हो. खलफानला मीच मारलं."

"आणि रयाला?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"माझ्या बहिणीनं काय घोडं मारलं होतं तुझं? बोल. चार वर्षांची पोर ती."

"त्यावर मी काही बोलणार नाही," मकामे म्हणाला. "ढकलायचं असेल तर ढकल."

नासोरची बोटं आवळली गेली. मग सैल झाली. एवढ्या लवकर मोकळं करायचं होय याला? त्यानं म्हाताऱ्याला फरफटत नेऊन गाडीत कोंबलं.

"आईच्या पुढ्यात मरशील," तो म्हणाला. "तिला बघू दे."

वादी कबीर वस्तीतल्या घरी झुवेना अंगणात चटईवर बसून कसाव्याचे कंद सोलत होती. नासोरने म्हाताऱ्याला तिच्यासमोर लोटलं. तो गुडघ्यांवर पडला. चटईवर रक्ताचे थेंब सांडले.

"ओळखलंस का, आई? मकामे आहे. हिंडायला आलाय मस्कतला. गळ्यात कॅमेरा अडकवून."

झुवेनाच्या हातातला कंद गळून पडला. ती उठली, रांजणातून पाणी घेऊन आली आणि डोक्यावरच्या ओढणीचं टोक भिजवून म्हाताऱ्याचं तोंड पुसायला लागली.

"बीबी, मी फक्त बघायला आलो होतो," मकामे पुटपुटला. "पोरगं जगलं की नाही ते. कोणी नक्की सांगतच नव्हतं."

नासोरने चटईवरची सुरी उचलली. "आई, बाजूला हो."

ती हलली नाही.

"बाजूला हो म्हणतो ना. यानं बाबांना मारलं. स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. रयाला मारलं."

"रयाला नाही."

"मी पाहिलंय माझ्या डोळ्यांनी."

"तुझे डोळे मी झाकले होते," झुवेना म्हणाली. "तू उघडलेस ते सगळं संपल्यावर."

"बीबी, राहू द्या," मकामे म्हणाला. "शेवटी खलफान बाप होता त्याचा."

झुवेनानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मुलाकडे पाहत होती.

"जमाव दाराशी आला होता. आपली माणसं त्यांच्या हाती लागू द्यायची नाहीत, असं तुझ्या बापानं ठरवलं. रयाला त्यानंच कापलं, नासोर. मग कोयता घेऊन तो तुझ्याकडे वळला, तेव्हा हा आत आला."