माती: भाटा

“अंगठा लाव, पंचफुला. झाडांना पाणी टाकलं नाही म्हणून कबूल कर अन् मोकळी हो.”

बागकाम खात्याचे नरहरी बाबू कागद पुढे धरून उभे होते. मोकळी हो म्हणजे नोकरीतून मोकळी, आणि नोकरीबरोबर खुर्सीपार वस्तीत मिळालेल्या कंपनीच्या खोलीतूनही. दोन मुली घेऊन त्या विधवेने जायचं कुठे, ते कागदात लिहिलेलं नव्हतं.

टाउनशिपच्या नव्या रस्त्यावर तीन वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी शिसम लावले होते. उजवी रांग साहेबांच्या बंगल्यांसमोरची. ती वाळून काड्या झाली होती. डावी रांग उजाड मैदानाकडची. ती हिरवीगार होती. मोठ्या साहेबांनी गाडीत बसल्या बसल्याच निकाल दिला होता, बाई कामचोर आहे, एकाच बाजूला पाणी घालते.

“उजवीकडं रोज दोन डबे टाकले, बाबूजी. पोरींची शपथ.”

“मग झाडं कावून मेली?”

मुळ्या सडून राहिल्या, वास येऊन राहिला, हे पंचफुलाने गेल्या साली सांगून पाहिलं होतं. तेव्हा बाबूंनी रजिस्टर उघडून दाखवलं होतं. माती: भाटा. भाटा म्हणजे लाल, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन, हे बाबू तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगात शिकले होते, आणि शिकलेला माणूस ऐकतो थोडाच! “झाड तहानलं आहे, अजून एक डबा वाढव,” असा हुकूम झाला होता. पाणी टाकलं तर झाड मरत होतं, नाही टाकलं तर नोकरी. इकडे आड, तिकडे विहीर.

“एक झाड उपटून तर पाहा,” ती शेवटी म्हणाली.

मजुरांच्या गँगमधल्या नत्थूने कुदळ घातली. रस्त्यासाठी पसरलेला वरचा मुरूम वीतभर गेला आणि खाली काळी, चिकट माती लागली. खड्ड्यात पाणी साचलेलं होतं. मूळ हातात आलं ते लिबलिबीत, काळं, साल सुटलेलं. नरहरी बाबूंनी नाकाला रुमाल लावला.

“नत्थू, टाउनशिप व्हायच्या आधी ही जमीन तुझीच होती ना? तूच तर मला भाटा सांगितलं होतंस!”

नत्थू खो खो हसला. “माटी तो कन्हार हे, बाबू! आप पूछे, इहाँ का रहिस? मैं कहेंव, भाटा. मोर भाटा के बारी रहिस इहाँ!”

छत्तीसगढीत वांग्यालाही भाटाच म्हणतात. नत्थूने आपली वांग्याची वाडी सांगितली होती, आणि बाबूंनी ती मातीची जात म्हणून लिहून घेतली होती. कन्हार म्हणजे चिकट काळी जमीन, पाणी आत गेलं की धरूनच बसते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे चोरच अंगठा मागत उभा होता.

नरहरी बाबूंच्या कपाळावर घाम आला. पुढच्या महिन्यात त्यांची नोकरी पक्की व्हायची होती. नत्थूला लिहिता येत नव्हतं, पंचफुलालाही नाही. कागद आहे तसाच गेला असता तर कोणाला काही कळलं नसतं. तरी बाबूंनी कागद फाडला, दुसरा काढला, मातीची चुकीची नोंद आपली म्हणून लिहिली आणि सही केली. त्यांना वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली.

“आजपासून पाणी बंद,” ते म्हणाले. मग समोरच्या हिरव्या रांगेकडे पाहून चक्रावले. “पण पंचफुला, माती तर तिकडेही हीच. मग ती झाडं जगली कशी?”

पंचफुलाने पदर सावरला. आता सांगायला हरकत नव्हती.

“तिकडं मी दोन सालापासून थेंब नाही टाकला, बाबूजी. तिकडं पाहाले कोणाचा बंगला नाही.”