उलटा करंट

टेंपो थेट प्रयोगशाळेच्या दारात थांबला, त्यातून धर्माजी उतरले आणि दर्शना खिडकीपासून मागे सरकली. सामान न्यायला हॉस्टेलवर या, असं तिने वडिलांना दहादा बजावलं होतं. पण ते कसले ऐकतात! आत नम्रता मॅडम होत्या, तिच्या पीएचडीच्या गाईड. माझे वडील कारखान्याच्या ऑफिसात असतात, असं दर्शनाने त्यांना पहिल्याच दिवशी ठोकून दिलं होतं. धर्माजी तर खोपोलीला तीस वर्षं भंगार उचलायची मॅग्नेटची क्रेन चालवत होते.

सहा वर्षं दर्शनाने कर्जतच्या टेकडीवरच्या या प्रयोगशाळेत काढली होती. दोन वेगळ्या मूलद्रव्यांचे अणू इतके थंड करायचे, की जवळजवळ हलेनासेच व्हावेत. एरवी ते एकमेकांना विचारत नाहीत. चुंबकाचा जोर एका नेमक्या आकड्यावर आणला, की मात्र चटकन जोड्या जमतात. तो आकडा आज एक निघायचा, उद्या दुसरा. खोटा छापायचा नव्हता, खरा सापडत नव्हता, आणि प्रयोगाची मुदत आज संपत होती. सहा वर्षं पाण्यात गेली होतीच. आता वर थापही उघडी पडणार. कुठे पळावं, तिला कळेना.

मॅडमनी धर्माजींना चहा दिला, ऑफिसातून रजा मिळाली का विचारलं, पोरीची अडचण सांगितली. ते यंत्राकडे बघत राहिले. मग त्यांनी खालचं स्टँड लोखंडाचं आहे का, विचारलं. होतं.

"नुसतं बटण बंद करून लोखंड सोडत नाय, मॅडम. मॅग्नेट बंद केला तरी पत्र्याचे तुकडे चिकटूनच राहतात. थोडा उलटा करंट मारायचा, मग पडतात."

मॅडमनी कपाळावर हात मारला. आदल्या खेपेचं चुंबकत्व त्या स्टँडमध्ये मुरून राहायचं आणि आकडा हलवायचं. त्यांनी प्रत्येक खेपेनंतर उलटा करंट दिला. टेंपोवाला हॉर्न वाजवून कंटाळला. संध्याकाळपर्यंत नऊ वेळा तोच आकडा आला. दर्शना खुर्चीत बसून रडली.

"तुम्ही मॅग्नेटवर काम केलंय का हो?" मॅडमनी विचारलं.

दर्शना डोळे पुसत खुर्चीतून उठली.

"छे ओ, मॅडम," धर्माजी तिच्याकडे न बघता म्हणाले. "मी ऑफिसात असतो. क्रेनवाले बोलतात, ते कानावर पडतं."