धक्क्याआधीची थरथर

कुडपणच्या गोठ्यातला भूकंपमापक खाणीतल्या सुरुंगांची नोंद उलटी करत होता. एरवी धक्का खडकांत विखुरला की मागे थरथर रेंगाळते. इथे ती धक्क्याच्या अकरा सेकंद आधी यायची. सुरुंग मोठा असला, तर मिनिटभर आधी.

लोक हसतील म्हणून यंत्राच्या नोंदी ठेवणारी अमिता तीन महिने तेवढा भाग कापून अहवाल पाठवत होती. रोज चहा आणणाऱ्या राहीबाईंनाही तिने काही सांगितलं नव्हतं.

आज खाण बंद होती. थरथर मात्र पहाटेपासून चालूच होती.

"गो पोरी, गुरं बसतच नायत," राहीबाई कप पुढे करत म्हणाल्या. "तुझं मशीन काय सांगतंय?"

अमिताला कप घेववेना. खाली मान घालूनच ती म्हणाली, "मावशी, मी तुमच्यापासून लपवलं. आत्ताच्या आत्ता वाडी रिकामी करा."