जवातली सरळ वाट

झाकण हरवलेला थर्मास.

साल सोललेली विलोच्या झाडाची काठी, टोकाला पिवळी रिबीन.

कुंपण ओलांडायची लाकडी पायरी. मधली फळी कुजलेली. ती नीट ठेवणं जमीनमालकाचं काम.

छप्पर नसलेलं चॅपेल, जुनं छोटं चर्च. खिडकीची नुसती दगडी कमान उरलेली, कमानीत आभाळ.

"सॉरी."

गुडघ्याच्या वर आलेला जव आणि त्यात वाट कुठेच नाही.

यातलं "सॉरी" सोडून बाकी सगळं हेस्टर प्यूच्या समोर होतं. "सॉरी" अजून यायचं होतं.

ती पायरीवर चढून उभी होती. फळी डुगडुगत होती. मागे गावातली बारा-तेरा माणसं बूट घालून खोळंबली होती. मे महिन्यातला हा रविवार पिकांना आशीर्वाद द्यायचा. शेत ओलांडायचं, रानात शिरायचं, निळ्या फुलांमधून चॅपेलपर्यंत जायचं, तिथे एक स्तोत्र म्हणायचं, केक खायचा, परत. पाद्री सात गावांत मिळून एकच. तो आज दुसरीकडे होता. म्हणून सगळ्यांच्या पुढे धरायची काठी हेस्टरच्या हातात.

वाट शेताच्या मधून तिरपी जाते. सरकारी नकाशात तशीच आहे, सगळ्यांच्या हक्काची म्हणून. पण पीक तुडवणं म्हणजे या लोकांना कुणाच्या बिछान्यावर बुटांसकट चढण्यासारखं. त्यामुळे गाव वर्षानुवर्षं शेताच्या कडेकडेने जात आलं. यंदा नवीन मालकाने कडेला तार ठोकली, तारेपर्यंत जव पेरला आणि सगळ्यांना सांगितलं, की मधल्या वाटेने कुणी चालतच नाही, तर ती बंद करून टाकू या. पुढच्या आठवड्यात कौन्सिलची माणसं वाट वापरात आहे का ते बघायला येणार होती. त्यांना वाट दिसली नाही, तर वाट गेली. वाट गेली की रान गेलं आणि चॅपेलही गेलं. आत शिरायला दुसरीकडून जागा नाही.

"डांबरी रस्त्याने वळसा घालू या," क्लाइव्ह म्हणाला. "तिकडे पब पण लागतो."

"तुला कुठल्याही रस्त्यावर पब लागतोच," मॉरीन म्हणाली. मग हेस्टरकडे वळली. "अगं, कडेने चला, कडेने चला, म्हणून जन्मभर आमच्यावर खेकसलीस. आता दाखव ना कड."

खरंच होतं ते. ही शिस्त गावाला हेस्टरनेच लावली होती.

रानाच्या वर, टेकाडावर, कमान दिसत होती. तिला लहानपणची खूण आठवली. शेताच्या टोकाला वठलेला ओक आहे. त्याच्या बेचक्यात कमान धरायची आणि नाकासमोर चालायचं.

ती जवात उतरली.

"एकामागे एक या. मी पाऊल टाकीन तिथेच टाका. क्लाइव्ह, कुत्र्याला उचल."

"हेस्टर, तो लॅब्रडॉर आहे."

"मग त्याला समजावून सांग."

ओंब्या दोन्ही बाजूंनी मांड्यांना घासत होत्या. प्रत्येक पावलाला काहीतरी मोडल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला तिचे खांदे आखडत होते. बेचक्यातून कमान सुटू नये म्हणून ती खाली बघत नव्हती. बघवतही नव्हतं.

निम्मं शेत ओलांडलं आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीतून एक चारचाकी फटफटी धडधडत आली. वर टोबी हॅसल, नवीन मालक. वय तिशीचं, जाकीट नवंकोरं.

"अहो! अहो, पीक आहे हे!"

"हो ना. सॉरी," हेस्टर म्हणाली आणि चालत राहिली.

"सॉरी," मॉरीन.

"सॉरी हं," क्लाइव्ह.

कुत्रा.

"सॉरी."

"अगदी मनापासून सॉरी."

"सॉरी. जव मात्र छान आलाय."

थांबलं कुणीच नाही.

"पण चाललात कुठे सगळे?" टोबी ओरडला. "आणि कशाला?"

आता हेस्टरला थांबावं लागलं. धापही लागली होती. "तुमच्या पिकाला आशीर्वाद द्यायला."

"तुडवून?"

"न तुडवता द्यायची सोय तुम्ही ठेवलीत कुठे?"

या गावात तोंडावर असं कुणी कुणाला बोलत नाही. मॉरीनने हेस्टरला कोपराने ढोसलं. तिच्या काखेतल्या बिनझाकणाच्या थर्मासातला चहा जवावर सांडला.

"सॉरी," हेस्टर म्हणाली.

टोबीने मागे पाहिलं. कुंपणाच्या पायरीपासून इथवर पाऊलभर रुंदीची रेघ पडली होती, दोरी धरून आखल्यासारखी. मग त्याने पुढे पाहिलं. पुढे जवच जव.

"तिकडे आहे काय एवढं?"

"चॅपेल."

"माझ्या रानात?"

"तुमच्या पणजोबांच्या पणजोबांच्याही आधीपासून. तुम्ही रान घेताना पाहिलं नाहीत?"

"झाडं किती आहेत ते पाहिलं होतं," टोबी म्हणाला. बोलल्यावर त्याला ते कसंतरीच वाटलं असावं. त्याने जाकिटाची चेन उगीच खालीवर केली.

हेस्टरने तोंड फिरवलं, कमान पुन्हा बेचक्यात आणली आणि निघाली. मागे इंजिन चालू होतं. ते बराच वेळ चालू राहिलं. मग बंद झालं.

ओकपाशी पोचल्यावर मॉरीन तिच्या कानाशी आली.

"अगं, येतोय तो. शेवटी आहे. आपल्याच पावलांत पाय टाकत येतोय."

हेस्टरने मागे वळून पाहिलं नाही.

"केक पुरेल ना?" तिने विचारलं.

कुंपणावरच्या पायरीची मधली फळी टोबीने ऑक्टोबरात बदलली. नवी फळी ओकची आहे.