सहा महिन्यांची चेन

"सहा महिन्यांत चेन गेली? भंगार माल घातलास तू, सरळ सांगतो!"

सासरेबुवांचा आवाज अख्ख्या गॅरेजात घुमला. मुलगा तापाने फणफणला होता, म्हणून सुनेच्या मागे बसून ते मोटारसायकल घेऊन आले होते. सून बाजूला उभी होती. बाकावरच्या गिऱ्हाइकाने कान टवकारले. मेकॅनिकच्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं, तेही चारचौघांत!

तो खाली बसला आणि त्याने मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, फडक्याने पुसलं. बसवलेल्या प्रत्येक स्प्रॉकेटवर तारीख आणि मीटरचा आकडा खिळ्याने कोरायचा, ही त्याची जुनी खोड. तारीख होती सहा महिन्यांपूर्वीचीच. पण दात पार झिजून वाकडे झालेले, आणि चेन बोटाने ओढली की सुटून वर येत होती. पंधरा-वीस हजार किलोमीटर पळाल्याशिवाय हे होणं नाही. मीटर मात्र हजारभरच पुढे सरकलेला.

"काका, गाडी जाते कुठवर?"

"कुठवर म्हणजे? घर ते ऑफिस! चार किलोमीटर!"

मेकॅनिकने वाकून पाहिलं. मीटरची केबल चाकापासून सोडवून वर बांधली होती, हवी तेव्हा जोडता येईल अशी. मागच्या सीटचा फोम दबलेला, मागच्या फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, हँडलला मोबाइलचा स्टँड. दिवसभर मागे सवारी बसवून भाडी मारणाऱ्या अशा गाड्या त्याच्याकडे रोज यायच्या. ऑफिस कसलं नि काय! खरं बोललो तर आपलं नाव राहतं, पण पोरगा बापापुढे उघडा पडतो.

त्याने घसा खाकरला.

"माल खराब निघाला, काका. चूक माझी. चेन, दोन्ही स्प्रॉकेट, सगळं नवीन घालतो. पैसे नकोत."

"बघा, कबूल केलं!" सासरेबुवा बाकाकडे वळून म्हणाले आणि ताठ मानेने बाहेर पडले. बाकावरचा माणूसही उठला. संध्याकाळी येतो म्हणाला आणि आपली गाडी घेऊन गेला.

सून मागे रेंगाळली. तिने पर्समधून नोटा काढून हत्यारांच्या पेटीवर ठेवल्या.

"दादा, चेन चांगली दणकट घाला. आणि मीटरची केबल तेवढी जोडू नका," ती हळूच म्हणाली. "मी ती पाहिलीय, हे आमच्या ह्यांना कळायला नको."